भाकरीमागे गेलेली माणसे

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, हे त्या भागातील वाचकांस सांगावयास नकोच. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो माणसे घरादारांसह उचलून सैबेरियाकडे व मध्य आशियाकडे नेली. त्यांतील काही सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि सुमारे पाच हजार माणसे, त्यांतही मुख्यतः स्त्रिया व मुले, पाच वर्षे पंचगंगेच्या परिसरात राहिली. आज वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या या आतिथ्याचे स्मारक आहे. ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे.

पण छावणी मोडली तेव्हा ही माणसे गेली कोठे, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्यांची जन्मगावे आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. तेथे परतण्याची सोय उरली नव्हती. पुष्कळ कुटुंबे ब्रिटनला गेली, कारण त्यांचे पती, पिता वा पुत्र ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या पोलिश सैन्यात होते. वळिवड्यात ती पाहुणी होती; ब्रिटनमध्ये ती पोटासाठी काम शोधणारी परकी माणसे ठरली. पाहुण्याला पाट मांडणारे जग मजुराकडे मात्र निराळ्या नजरेने पाहते. ही नजर कशी घडते, कोणाच्या हिताप्रमाणे बदलते, आणि जो मजूर तिच्या माऱ्यात सापडतो त्याचे स्वतःचे म्हणणे काय असते, याचा शोध पोलिश स्थलांतरितांच्या इतिहासातून घेता येतो. गेली दीडशे वर्षे हे राष्ट्र सातत्याने माणसे बाहेर पाठवीत आले आहे. त्यामुळे या प्रश्नाचे इतके पैलू एका ठिकाणी क्वचितच पाहावयास मिळतील.

पोलिश भाषेत एक वाक्प्रयोग आहे : ‘झा ख्लेबेम’. त्याचा अर्थ ‘भाकरीच्या मागे’. परमुलखात पोट भरावयास जाण्याला तेथील खेडूत हेच म्हणत. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वेळा रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी पोलंडचे लचके तोडले आणि नकाशावरून हे राष्ट्र सव्वाशे वर्षे नाहीसे झाले. शेतकरी वेठीतून मुक्त झाला तोही तीन राजवटींत तीन वेळी. ऑस्ट्रियाच्या भागात १८४८ साली, रशियाच्या भागात १८६४ साली. मुक्ती मिळाली, पण जमीन पुरेशी मिळाली नाही. लोकसंख्या वाढली, वाटण्या झाल्या, आणि दोन पिढ्यांत शेताच्या पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या की नांगर वळविण्यास शेजाऱ्याच्या बांधावर जावे लागे. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशिया प्रांताची अवस्था सर्वांत वाईट होती. स्तानिस्लाव श्चेपानोव्स्की या उद्योजकाने १८८८ साली गॅलिशियाचे दारिद्र्य आकड्यांत मांडणारे पुस्तक लिहिले. तेथील माणसाच्या वाट्याला इतर युरोपियनाच्या निम्मेच अन्न येते, हा त्याचा निष्कर्ष वाचून सुशिक्षित समाज हादरला. खेडूताला तो निष्कर्ष सांगण्याची गरज नव्हती. १८७० ते १९१४ या काळात तिन्ही भागांतून मिळून सुमारे पस्तीस लाख माणसे कायमची बाहेर पडली. हंगामापुरते शेजारच्या जर्मनीत जाऊन परतणाऱ्यांची गणती त्याहून वेगळी.

आता घरच्या लोकांची नजर पाहू. प्रथम जमीनदार. त्याच्या दृष्टीने गावातून गेलेला प्रत्येक तरुण म्हणजे सुगीच्या वेळी कमी झालेले दोन स्वस्त हात होते. त्यामुळे स्थलांतर हा एक रोग आहे, अडाणी शेतकऱ्याला लबाड दलाल फसवून नेतात, त्याला त्याच्याच हितासाठी थांबविले पाहिजे, असा गिल्ला सर्वाधिक त्याने केला. दुसरे देशभक्त. ज्या राष्ट्राचे राज्य गेले आहे त्याच्याजवळ भूमी आणि भाषा एवढेच उरते. प्रशियाच्या भागात तर १८८६ पासून सरकारी आयोग पोलिश जमिनी विकत घेऊन त्यांवर जर्मन कुटुंबे बसवीत होता. अशा वेळी जमीन सोडून जाणे त्यांना मोर्चा सोडून पळण्यासारखे वाटले. तिसरे धर्मगुरू. ते व्यासपीठावरून जाऊ नका म्हणून सांगत. आणि लोक गेलेच, तर त्यांच्यामागून जाऊन शिकागोत व परानात चर्चही तेच उभारीत. चौथे झारचे सरकार. त्याला माणसांची कणव नव्हती. पण प्रजेने परवानगीवाचून सरहद्द ओलांडावी हे त्याच्या शिस्तीत बसत नव्हते.

या चौघांचे हेतू भिन्न, परंतु निष्कर्ष एकच : जाणारा एकतर मूर्ख तरी आहे किंवा स्वार्थी तरी. साहित्यिकांनी त्याला करुणेचा विषय केले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. हेन्रिक शेन्केविच हा कादंबरीकार १८७६ ते १८७८ या काळात स्वतः अमेरिकेत राहून आला होता. १८८० साली त्याने ‘झा ख्लेबेम’ याच नावाची दीर्घकथा लिहिली. तीत गाव सोडून अमेरिकेला गेलेला एक शेतकरी बाप आणि त्याची लेक, दोघेही परमुलखात हाल होऊन मरतात. कथा हृदयद्रावक आहे. पण तिचा उपदेश जमीनदाराच्या उपदेशाहून वेगळा नाही. ‘जाऊ नका’ हेच तीही सांगते. गावात राहून काय खावे, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही.

दलालांची बदनामी निराधार होती असे नव्हे. १८८९ च्या नोव्हेंबरात गॅलिशियातील वादोवित्से या गावी एक मोठा खटला सुरू झाला आणि तो पुढील वर्षाच्या मार्चपर्यंत चालला. आरोपी ६५ होते : ओश्विएन्चिम स्थानकाजवळ जहाजकंपनीची तिकिटे विकणारे दलाल, त्यांचे हस्तक, आणि लाच घेऊन डोळेझाक करणारे सरकारी नोकर. हे तेच ओश्विएन्चिम, जे पुढे आउश्वित्झ या जर्मन नावाने जगाला अन्य कारणासाठी माहीत झाले. खटल्यात फसवणुकीचे नाना प्रकार बाहेर आले. एक प्रकार असा, की दलाल आपल्या कचेरीत गजराचे घड्याळ वाजवी आणि ही अमेरिकेच्या बादशहाला केलेली तार आहे असे सांगून, बादशहाची परवानगी आली म्हणून खेडूताकडून पैसे उकळी. वृत्तपत्रांना हे खाद्यच मिळाले. आरोपींत यहुदी पुष्कळ असल्यामुळे लोकांचा रोष सोयीस्करपणे त्या समाजाकडे वळविण्यात आला. शेतकरी गावाबाहेर का पडतो, हा प्रश्न मात्र न्यायालयापुढे नव्हता. दलाल तुरुंगात गेले. माणसे पूर्वीसारखीच जात राहिली.

त्याच सुमारास रशियन भागात ‘ब्राझीलचा ताप’ पसरला. ब्राझीलने १८८८ साली गुलामगिरी रद्द केली होती आणि १८८९ साली तेथे प्रजासत्ताक आले. शेतीला हात हवे म्हणून नव्या सरकारने युरोपातील कुटुंबांना जहाजाचे भाडे माफ केले आणि जमिनीचे आश्वासन दिले. १८९० व १८९१ या दोन वर्षांत रशियन पोलंडमधून सुमारे साठ हजार माणसे निघाली. खेड्यांतून दंतकथा पिकल्या. परानाची भूमी आजवर धुक्याने झाकलेली होती, म्हणून कोणास ठाऊक नव्हती. पोलिश शेतकऱ्याची दैना पाहून पवित्र मातेने ते धुके दूर सारले आणि ही जमीन त्यांना वाटून द्यावी अशी आज्ञा केली, ही त्यांपैकी एक. शहरातील विद्वान अशा कथांना हसले. आम्हांस हसू येत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळाली ती धन्याच्या मर्जीने, त्यांना भाडेमाफीचे सरकारी पत्रक हा दैवी चमत्कार वाटावा यात नवल ते कोणते? वॉर्साच्या एका वृत्तपत्राने आडोल्फ दिगाशिन्स्की या लेखकाला ब्राझीलला धाडले. त्याने तेथील जंगल, रोगराई आणि पडझड यांची भेदक वर्णने लिहून पाठविली. ती खरीच होती. मारिया कोनोप्नित्स्का या कवयित्रीने याच विषयावर वर्षानुवर्षे खपून महाकाव्य रचले. ते १९१० साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. तथापि या सर्व लेखनात एक उणीव राहतेच. जो गेला त्याच्याविषयी सर्वांनी लिहिले. तो स्वतः काय म्हणत होता?

तो लिहीत होता, आणि पुष्कळ लिहीत होता. परंतु ते लिहिणे घरी पोचत नव्हते. ब्राझील व अमेरिका येथून येणाऱ्या पत्रांनी गावेच्या गावे चळतात, हे झारच्या अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले, आणि १८९०-९१ च्या दरम्यान वॉर्साच्या टपाल-तपासणी खात्याने अशी पत्रे अडविण्यास आरंभ केला. पाकिटे फोडली गेली, वाचली गेली आणि दप्तरी दाखल झाली. यांत केवळ खुशालीची पत्रे नव्हती. कित्येक पाकिटांत बायकोमुलांसाठी आगाऊ पैसे भरून घेतलेली जहाजाची तिकिटे होती. कोणत्या गावी उतरावे, सरहद्द कशी ओलांडावी, कोणाच्या भूलथापांना बळी पडू नये, बरोबर काय घ्यावे, याच्या बारीकसारीक सूचना होत्या. तिकडे नवरा बंदरावर येणाऱ्या जहाजांकडे डोळे लावून बसला असेल. इकडे बायकोने त्याने आपल्याला टाकले असे समजून मन घट्ट केले असेल. आणि दोघांच्या मध्ये एक सरकारी कपाट होते.

आमची दहाबारा वर्षे दप्तरात गेली आहेत. म्हणून ही हकीकत वाचताना आमचे मन त्या नवऱ्याजवळ वा बायकोजवळ जितके थांबले, तितकेच ते तपासणी खात्यातील अनाम कारकुनाजवळही थांबले. त्याला हुकूम होता. त्याने तो पाळला. त्याने पत्र बारनिशीत चढविले असेल, वर शेरा मारला असेल, गठ्ठा बांधला असेल आणि दिवे लागणीच्या वेळी घरी गेला असेल. एकेका पत्राने एकेक संसार अडून राहिला आहे, हे त्याला दिसत होते का? वाचल्याखेरीज ते अडविता येत नव्हते. तेव्हा दिसत असलेच पाहिजे. पण दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. त्याने ती पत्रे जाळली नाहीत. नस्तीचे कागद जपून ठेवावे, हा आपल्या धंद्याचा धर्म त्यानेही पाळला. पुढे दुसऱ्या महायुद्धात वॉर्साच्या दप्तरखान्यांची राखरांगोळी झाली, तरी त्यांतील काहीशे पत्रांचा मजकूर वाचला. वितोल्द कुला या इतिहासकाराने आपल्या सहकाऱ्यांसह ती पत्रे १९७३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ज्यांच्या नावे ती होती त्यांच्यापैकी तोवर कोणी हयात असणे जवळजवळ अशक्य होते. ऐंशी वर्षांनी पत्रे पोचली ती वाचकांना.

या पत्रांतील माणूस मूर्खही नाही आणि स्वार्थीही नाही. तो आरंभी ‘येशू ख्रिस्ताचा जयजयकार असो’ असा नमस्कार घालतो, घरातील प्रत्येकाची नाव घेऊन विचारपूस करतो, मजुरी किती मिळते आणि खर्च किती येतो ते मांडतो. कोणी या, कोणी येऊ नका, असा सल्ला तो माणूस पाहून देतो. देशाची काळजी वाहणाऱ्या विद्वानांना जे दिसले नाही ते त्याला स्पष्ट दिसते : गाव सोडणे हा घराशी केलेला द्रोह नसून घर टिकविण्याचा उपाय आहे.

जर्मनीत या माणसाकडे पाहण्याची रीत आणखी वेगळी होती. पूर्व प्रशियातील मोठ्या जहागिरींना बीट काढण्यास आणि कापणीस मजूर हवे होते, कारण जर्मन मजूर पश्चिमेकडील कारखान्यांत निघून गेला होता. पोलिश मजूर आणल्याखेरीज पीक घरात येईना. पण आणले तर प्रांत पोलिश होईल ही भीती. बिस्मार्कच्या सरकारने १८८५ पासून हजारो पोलिश लोकांना हद्दपार केले. लगेच जमीनदारांची ओरड सुरू झाली आणि १८९० साली दार पुन्हा उघडले. अट एवढीच, की मजुराने हंगामापुरते यावे, हिवाळ्यात परत जावे, म्हणजे तो मूळ धरणार नाही. हात पाहिजेत, माणूस नको, या धोरणाचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. माक्स वेबरसारख्या थोर समाजशास्त्रज्ञानेही १८९५ साली फ्रायबुर्ग येथील आपल्या पहिल्या प्राध्यापकीय व्याख्यानात पोलिश शेतमजुराविषयी हीच धास्ती व्यक्त केली. कमी गरजांवर भागविणारा पोलिश मजूर जर्मन शेतकऱ्याला हुसकून लावतो, तेव्हा सरहद्द बंद करावी, असे त्याचे प्रतिपादन होते. ज्याच्या गरजा कमी आहेत त्याच्या त्या कमी का आहेत, हा प्रश्न वेबरच्या बुद्धीला न सुचण्यासारखा नव्हता. पण राष्ट्रहिताचा चष्मा चढला की बुद्धिमान माणसाच्याही दृष्टीला मर्यादा पडतात.

रूरच्या कोळसाखाणींत गेलेले पोलिश खाणकामगार मात्र जर्मन साम्राज्याचेच प्रजाजन होते. त्यांना हाकलता येत नव्हते. त्यांनी बोखुम येथे आपले वृत्तपत्र काढले आणि १९०२ साली आपला कामगारसंघ स्थापन केला. खाणीत जर्मन भाषा येणाऱ्यालाच जबाबदारीची कामे मिळतील असा नियम झाला. १८९९ साली हेर्ने येथे तरुण पोलिश कामगारांचा संप भडकला तेव्हा या नियमाचा रागही त्यामागे होता. जर्मन कामगारांनी त्यांना मजुरी पाडणारे म्हणून हिणविले. तेच पोलिश लोक पुढे मोठ्या संपांत जर्मनांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, हे मात्र लोकांच्या लक्षात फार दिवस राहिले नाही.

अमेरिकेत १८९७ च्या १० सप्टेंबर रोजी पेन्सिल्व्हेनियातील लॅटिमर येथे संपकरी खाणकामगारांच्या निःशस्त्र मिरवणुकीवर शेरिफच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. १९ माणसे मेली. बहुतेक पोलिश, स्लोव्हाक व लिथुआनियन. गोळ्या झाडणारे पुढील वर्षी निर्दोष सुटले. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकनांच्या लेखी स्लाव्ह खाणकामगार म्हणजे यंत्राचा एक भाग होता. अशा वातावरणात शिकागो विद्यापीठाचे विल्यम टॉमस आणि वॉर्सा येथे स्थलांतरितांना मदत करणाऱ्या संस्थेचे काम पाहिलेले फ्लोरियन झ्नानिएत्स्की या दोघांनी पोलिश शेतकऱ्याच्या घरगुती पत्रांना विद्वत्तेच्या दरबारात मानाचे आसन दिले. त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १९१८ ते १९२० या काळात निघाला आणि आधुनिक समाजशास्त्राचा तो एक पाया मानला जातो. पत्रांवरून माणूस समजून घ्यावा, ही दृष्टी त्यांनी दिली. पण कायदेमंडळाने ती घेतली नाही. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा वार्षिक वाटा ठरविताना मुद्दाम १८९० ची शिरगणती प्रमाण धरण्यात आली, म्हणजे पूर्व व दक्षिण युरोपची मोठी लाट येण्यापूर्वीची. पोलंडच्या वाट्याला वर्षाला ५,९८२ माणसे आली.

१९१८ साली पोलंड स्वतंत्र झाला. आता घरच्या नजरेत फरक पडावयास हवा होता, आणि पडलाही. पूर्वी जाणारा पळपुटा होता. आता तो बेकारीवरचा उतारा ठरला. १९१९ च्या सप्टेंबरात नव्या सरकारने फ्रान्सशी मजूर पाठविण्याचा करार केला. युद्धात फ्रान्सचे तरुण मेले होते आणि उत्तरेकडील खाणी उद्ध्वस्त झाल्या होत्या. १९३१ पर्यंत फ्रान्समध्ये सुमारे पाच लाख पोलिश माणसे झाली. पण मंदी आली तेव्हा प्रथम काढून टाकले गेले तेच. कित्येकांना कुटुंबासह गाडीत बसवून परत पाठविण्यात आले. या परत पाठविलेल्यांत एदवर्द गिएरेक नावाचा एक तरुण खाणकामगार होता. लहानपणीच आईबरोबर फ्रान्सला गेलेला आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरलेला हा मुलगा १९३४ साली संपात भाग घेतल्यावरून हद्दपार झाला. पुढे १९७० साली तोच पोलंडमधील कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख, म्हणजे देशाचा सर्वसत्ताधीश झाला. परक्या देशाने नको म्हणून परत केलेला मजूर राज्य करू लागला. पण त्याच्या राज्यातही नागरिकाला पासपोर्ट घरी ठेवण्याची मुभा नव्हती. बाहेर जाणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची जुनी सवय नव्या राज्यकर्त्यांनी जशीच्या तशी उचलली होती.

मध्यंतरी युद्धाने या कथेला भयंकर वळण दिले. जर्मनांनी लाखो पोलिश लोकांना वेठीस धरून नेले आणि १९४० पासून त्यांच्या कपड्यांवर ‘पी’ अक्षराची चिंधी शिवण्याची सक्ती केली. हंगामी मजुराविषयीचा जुना तिरस्कार आता कायद्याचा पोशाख घालून उभा राहिला. युद्धानंतर ब्रिटनमध्ये राहिलेल्या पोलिश सैनिकांसाठी तेथील पार्लमेंटने १९४७ साली पुनर्वसनाचा कायदा केला. हे सैनिक ब्रिटनच्या आकाशात आणि इटलीत मॉन्टे कॅसिनो येथे लढले होते. तरीही कामगारसंघांनी कुरकुर केली. खाणींत मजुरांची तूट असतानाही खाणकामगारांच्या कित्येक शाखांनी त्यांना आपल्या बरोबर घेण्यास नकार दिला. १९५१ च्या शिरगणतीत ब्रिटनमध्ये पोलंडमध्ये जन्मलेली सुमारे एक लाख ६२ हजार माणसे आढळली. वळिवड्याहून गेलेली कुटुंबे त्यांत होती. पंचगंगेचे पाणी प्यालेली मुले तेथे शिकली, नोकऱ्यांस लागली आणि हळूहळू शेजाऱ्यांच्या अंगवळणी पडली.

२००४ च्या १ मे रोजी पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनी आपले श्रमबाजार तत्काळ खुले केले. जर्मनीने मात्र सात वर्षे दार लावून घेतले. ब्रिटिश सरकारसाठी तयार केलेल्या अहवालात नव्या देशांतून वर्षाला पाच ते तेरा हजार माणसे येतील असा अंदाज होता. जर्मनीही दार उघडील हे त्यात गृहीत होते. अंदाज साफ चुकला. २०११ च्या शिरगणतीत इंग्लंड व वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेली पाच लाख ७९ हजार माणसे निघाली, आणि इंग्रजीनंतर सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा म्हणून पोलिशचा क्रमांक लागला. फ्रान्समध्ये २००५ साली ‘पोलिश नळवाला’ हा राजकीय बागुलबुवा झाला. स्वस्तात नळ दुरुस्त करून फ्रेंच कारागिराचे पोट मारणारा हा कल्पित माणूस जनमतपृच्छेच्या सभांतून गाजला. पोलंडच्या पर्यटन खात्याने त्याला झकास उत्तर दिले. एका देखण्या नळवाल्याचे भित्तिचित्र काढून, मी इथेच राहतो, तुम्हीच मोठ्या संख्येने या, असे फ्रेंचांना निमंत्रण धाडले.

घरची नजर याही वेळी दुटप्पी होती. २००७ च्या अखेरीस २२ लाख ७० हजार पोलिश माणसे तात्पुरती परदेशी आहेत, असा तेथील सांख्यिकी खात्याचा अंदाज होता. त्यांनी धाडलेल्या पैशांतून घरे उठली. त्यांच्या रिकाम्या जागांमुळे बेकारी घटली. तरी पदवीधर मुलगा लंडनच्या उपाहारगृहात बशा विसळतो, ही थट्टेची आणि लाजेची गोष्ट झाली. आजीआजोबांजवळ ठेवलेल्या मुलांना ‘युरोपची अनाथ पोरे’ असे नाव पडले आणि सारा दोष जाणाऱ्या आईवर ठेवण्यात आला. बापाविषयी एवढी चर्चा झाल्याचे दिसत नाही. निवडणुका आल्या की याच माणसांना परत आणण्याची आश्वासने देण्यात येत. १८९० सालच्या जमीनदाराचा आणि धर्मगुरूचा सूर नव्या भाषेत पुन्हा ऐकू येत होता.

२०१६ च्या जून महिन्यात ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. तीनच दिवसांनी लंडनमधील हॅमरस्मिथ येथील पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कोणी शिवीगाळीचा मजकूर रंगविला. ही वास्तू युद्धोत्तर काळात तेथे राहिलेल्या पिढीने पदरमोड करून उभारलेली आहे. ज्यांना पूर्वी मित्रसैनिक म्हणत त्यांच्या हातची. पण त्यानंतर जे घडले ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. आजूबाजूच्या अनोळखी ब्रिटिश लोकांनी त्या दारात फुले आणून ठेवली आणि दिलासा देणारी पत्रे लिहिली. ही पत्रे मात्र कोणी अडविली नाहीत.

आता चक्र फिरले आहे. पोलंडमध्ये सुबत्ता आली, जन्मप्रमाण घटले, आणि तेथील बांधकामांवर, शेतांत व घरांत युक्रेनमधील माणसे कामास येऊ लागली. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले तेव्हा पोलिश जनतेने लाखो निर्वासितांना आपल्या घरांत जागा दिली. त्या औदार्याला तोड नाही. परंतु पाहुण्याची गोष्ट वेगळी आणि मजुराची वेगळी, हे येथेही प्रत्ययास येत आहे. दिवस लांबले तशी, हे आमची कामे घेतात, आमच्या सवलती लाटतात, ही कुजबुज तेथेही ऐकू येऊ लागली. हीच वाक्ये पूर्वी बोखुम, पेन्सिल्व्हेनिया आणि लंडन येथे पोलिश माणसाच्या कानी पडली होती. ज्यांनी ती सोसली त्यांनीच ती बोलावी, याचा खेद वाटतो; नवल वाटत नाही. सोसण्याने माणूस आपोआप शहाणा होतो, असा इतिहासाचा दाखला नाही. त्यासाठी आठवण जागी ठेवावी लागते, आणि ते कष्टाचे काम आहे.

हा लेख आम्ही कोणत्याही उपदेशासाठी लिहिला नाही. आमचे वाचक बहुतेक आमच्यासारखेच, सरकारी हुकमाने परप्रांती आलेले. आपली बदली आणि त्या शेतकऱ्याचे जहाज यांची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. आपल्याला घरभाडे मिळते, रजा मिळते, पत्र तर हमखास मिळते. तरीसुद्धा सुटीत गावी गेल्यावर ‘आता तुम्ही तिकडचेच झालात’ असे कोणी म्हणते, आणि इथे परतल्यावर शेजारी ‘तुम्ही लोक’ अशी सुरुवात करतो, तेव्हा त्या दोन्ही वाक्यांच्या मधली जागा आपण सर्वांनी थोडीबहुत पाहिलेली आहे. त्या जागेत लाखो माणसांनी जन्म काढले. त्यांच्याविषयी जमीनदार, पुढारी, पंडित आणि वृत्तपत्रे यांनी जे म्हटले ते सारे छापले गेले. त्यांनी स्वतः जे म्हटले ते एका कपाटात ऐंशी वर्षे पडून होते.

आमच्या कचेरीच्या दारासमोर सध्या एक इमारत उठत आहे. दूरच्या प्रांतातून आलेले मजूर तेथे राबतात. त्यांच्याविषयी आमच्या मेजांवरून दिवसभर मते ऐकू येतात. आम्हीही त्यात कधी कधी भर घातली आहे. वॉर्साच्या त्या कारकुनाची हकीकत वाचल्यापासून मात्र असे मत ओठांवर आले की क्षणभर थांबावेसे वाटते. या माणसाने घरी काय लिहिले असेल, हे ठाऊक नसताना आपण त्याच्या नावापुढे शेरा मारीत आहोत, याची जाणीव होते. एवढी जाणीव टिकली तरी या वाचनाचे चीज झाले असे आम्ही समजू.